डोक्यावर पट्टी नसलेला कुत्रा

बटणला कुत्रा चावला तेव्हा सगळ्यात मोठ्याने ओरडली ती तिची आई. दुसरा नंबर आत्याचा. दोघी मिळून तिला शाळेतून घेऊन येत होत्या, घर चार पावलांवर आलं होतं आणि चालता चालता हे घडलं. खुद्द बटण गप्प होती. कोपराखाली दात रुतले होते, बाही ओली होत चालली होती, आणि ही बया हाताकडे न बघता कुत्र्याकडे बघत उभी. जिवलग मैत्रिणीने भर वर्गात चहाडी केल्यावर तिच्याकडे बघावं, तशी.

कारण कुत्रा ओळखीचा होता. कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याचा. रंगाने तपकिरी, वयाने उताराला लागलेला, एक कान ताठ आणि दुसरा राजीनामा दिल्यासारखा पडलेला. त्याला अख्खी गल्ली मॅनेजर म्हणायची. दिवसभर दुकानाच्या दारात पसरून कोण आलं, कोण गेलं यावर लक्ष ठेवायचं, आणि स्वतः काडीचं काम करायचं नाही, म्हणून मॅनेजर. बटण रांगायची तेव्हापासूनची त्यांची दोस्ती. शाळेतून येताना ती त्याच्या गळ्यात पडायची, तो मान वळवून उभा राहायचा, आणि आजूबाजूचे म्हणायचे, "काय प्रेम आहे बघा!" त्या दिवशी तो पायरीवर हाड चघळत होता. बटणने मागून येऊन त्याला मिठी मारली. पुढचं सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं.

जखम भरली. इंजेक्शनांचा कोर्स झाला, प्रत्येक वेळी दादाने, म्हणजे आत्याच्या भावाने, बटणच्या बापाने, कबूल केलेलं खेळणं मिळालं. पण बटणचा पाय रस्त्याला लागेना. शाळेत जायचं तर जिन्याच्या दारातून थेट दादाच्या स्कूटरवर, आणि स्कूटरवर बसल्यावर तोंड बापाच्या पाठीत. येताना तसंच. खाली खेळायला जाणं बंद. वाढदिवसाची आमंत्रणं बंद. खालून मैत्रिणींनी हाका मारल्या की ही खिडकीतून हात हलवायची आणि आत येऊन चित्रं रंगवत बसायची.

सगळ्यांनी समजावून पाहिलं. वहिनीने, म्हणजे बटणच्या आईने, लाडाने, दादाने रागाने. बटणचं उत्तर एकच.

"त्याने न सांगता चावलं."

"अगं, कुत्रा काय सांगून चावतो का?" दादा म्हणाला.

"भुंकला असता तर मी लांब गेले असते ना. त्याने काहीच सांगितलं नाही. मग बाकीचे तरी कशाला सांगतील?"

सातवं वर्ष चालू असलेल्या पोरीचा मुद्दा बिनतोड होता.

आत्याला या घरात मागच्या बाजूची खोली होती आणि मोबाइलवरचे गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत नोकरी. ती चित्रं काढायची. कुठे शिकून आली नव्हती. दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता पेन्सिलीवरून स्क्रीनवर गेली, इतकंच. आजवर तिने फुटणारी फळं काढली होती, केक सजवणारी मांजर काढली होती, आणि एका गेमसाठी नव्वद प्रकारच्या टोप्या काढल्या होत्या, त्या कोणी घातल्या ते देवाला ठाऊक. "आपलं काम म्हणजे दुसऱ्यांच्या पोरांचा अभ्यास बुडवणं," असं ती स्वतःच म्हणायची.

पण इंजेक्शनच्या दुसऱ्या खेपेला मुलांच्या दवाखान्यात एक गोष्ट घडली. तिथले डॉक्टर सुई भरता भरता वैतागून म्हणाले, "भिंतीवर एवढं मोठं पोस्टर लावलंय, कुत्र्याशी कसं वागावं. एक मूल बघत नाही. सगळ्यांच्या माना फोनमध्ये."

"मग फोनमध्येच लावू या ना पोस्टर," आत्या बोलून गेली.

बोलून गेली आणि अडकली. महिन्याभरात दवाखान्याने काम दिलं, आत्याच्या कंपनीच्या मालकाने घेतलं, आणि ते फिरून तिच्याच टेबलावर आलं. मालक तिच्याहून बराच लहान. तिला अदबीने ताई म्हणायचा, आणि ताई म्हणून झालं की काहीतरी कापायचा: वेळ, चित्रं, नाहीतर सुट्टी.

या वेळी मात्र आत्या स्वतःहून कंबर कसून बसली. कोणाला सांगितलं नाही, पण तिच्या डोळ्यांपुढे दवाखान्यातली शंभर मुलं नव्हतीच. एकच होती. ही पोरगी गेम खेळेल, शिकेल, आणि एक दिवस आपल्या पायांनी जिना उतरून शाळेत जाईल, एवढ्यासाठी तिचा सगळा खटाटोप.

गेमचं नाव ठेवलं 'जाऊ का?' एक मूल घरून शाळेत निघतं. वाटेत कुत्रे भेटतात. एक जेवतोय, एक झोपलाय, एकीजवळ पिल्लं आहेत, एक फाटकाआड आहे, एक नुसताच उभा आहे. प्रत्येक वेळी ठरवायचं: जवळ जायचं, थांबायचं, की लांबून वळसा घ्यायचा. चुकलं तर फोन थरथरतो आणि मूल पुन्हा घरी. बरोबर आलं तर तारे.

दवाखान्याने सल्ल्यासाठी जनावरांच्या एक डॉक्टर पाठवल्या. डॉक्टरीणबाईंच्या दोन्ही हातांवर ओरखड्यांची नक्षी होती, आणि बोलणंही तसंच ओरबाडणारं. पहिल्याच दिवशी मालक हसत म्हणाला, "आपल्याकडे म्हण आहेच ना, भुंकणारा कुत्रा चावत नाही."

"आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण ती कुत्र्यांनी वाचलेली नाही."

त्यांनी कुत्रा कसा बोलतो ते सांगितलं. नको असलं की आधी तोंड फिरवतो. ओठ चाटतो. झोप आलेली नसताना जांभई देतो. मग अंग आखडतं, खात असला तर खाणं थांबतं, डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागतो. गुरगुरणं फार नंतरचं. "तो सगळ्यात आधी हळू आवाजात बोलतो हो. आपण बहिरे. मग तो ओरडला की आपण म्हणतो, अचानक ओरडला."

आत्याने सगळं मनापासून ऐकलं आणि काढायला घेतलं. पण फोनच्या स्क्रीनवर कुत्रा केवढा? अंगठ्याएवढा. त्यात डोळा केवढा? तिळाएवढा. त्या तिळाचा पांढरा भाग दाखवायचा म्हणजे तांदळावर गोष्ट लिहायची. ऑफिसात गेमचं सगळं यंत्र ज्याच्या हातात होतं, तो जाड भिंगांचा प्रोग्रामर. त्याला सगळे चष्माच म्हणायचे. त्याने फोन नाकाला लावून पाहिला आणि म्हणाला, "ताई, मला तर काहीच कळत नाही. तसेही मला सगळेच कुत्रे चावरे दिसतात."

मग त्यानेच तोड काढली. कुत्र्याच्या डोक्यावर एक छोटी पट्टी ठेवायची. खुशीत असेल तर हिरवी, नकोसं वाटत असेल तर पिवळी, चिडला तर लाल. मालकाला पट्टी इतकी आवडली की त्याने चष्म्याची पाठ थोपटली. आत्यालाही बरं वाटलं, खोटं कशाला बोला. मनगट दुखत होतं, दिवस कमी होते. आणि मालक जेव्हा म्हणाला, "ताई, पट्टी आहेच की, मग पिवळ्या कुत्र्याची वेगळी चित्रं कशाला? हिरव्याचीच वापरा," तेव्हा तिने जरासं कुरकुरल्यासारखं केलं आणि मान डोलावली.

डॉक्टरीणबाई तेव्हा कुठल्याशा शिबिराला गेल्या होत्या. असत्या तर त्याच चावल्या असत्या.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत गेमची चाचणी झाली. बँडेजवाली मुलं, खोकणारी मुलं, नुसतीच भावंडांबरोबर आलेली मुलं. सगळ्यांना फोन वाटले. पहिल्या फेरीत थोडी चुकली, दुसऱ्या फेरीत सगळ्यांना सगळे तारे. एक चिमुरडा तर कुत्र्यांची परीक्षा घेत असल्यासारखा धाडधाड उत्तरं देत सुटला. मालकाने सगळ्यांना आइस्क्रीम दिलं. आत्या घरी आली ती हवेत तरंगत.

बटणने तो गेम आठवडाभर खेळला. दात घासताना, दूध पिताना. सगळे तारे मिळवले, पुन्हा पहिल्यापासून खेळली, पुन्हा मिळवले. "आत्या, तुझे कुत्रे किती सोपे आहेत!" असं सर्टिफिकेटही दिलं. मग एका रविवारी आत्याने हळूच विचारलं, "खाली जाऊन येऊ या का? नुसतं दारापर्यंत."

बटणने विचार केला. "तू पुढे."

वहिनी स्वयंपाकघरातून नुसती बघत राहिली. हातातला कप धुवायचा विसरली. दोघी जिना उतरल्या. एकेक पायरी बटण कठड्याला धरून, पण उतरली. शेवटच्या पायरीवर थांबून तिने रस्त्यापलीकडे पाहिलं. मॅनेजर लाँड्रीच्या दारात बसला होता. तिने त्याच्याकडे बघितलं, मग जरा वर, त्याच्या डोक्याच्या वरच्या मोकळ्या जागेत. डोळे बारीक केले. पुन्हा बघितलं.

"आत्या, याच्या डोक्यावर पट्टी कुठाय?"

"अगं, खऱ्या कुत्र्याला पट्टी कशी असेल?"

"मग कळणार कसं?"

बटण वळली आणि जिना चढून गेली. उतरताना एवढा वेळ लागला होता, चढताना दोन उड्यांत.

रात्री ताटं पुसताना वहिनी म्हणाली, "वन्सं, रागावू नका हं. पण आधी निदान कुत्रे घाबरवणारे तरी होते. आता तिला खरे कुत्रे म्हणजे काहीतरी मोडलेलं वाटतंय. पट्टी नसलेले."

आत्याला राग यायचं काही कारणच नव्हतं. राग तेव्हा येतो जेव्हा समोरचा चुकीचं बोलतो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने फोनच्या वरच्या बाजूला कागदी चिकटपट्टी लावली, अशी की कुत्र्याच्या डोक्यावरचा भाग झाकला जाईल. फोन चष्म्यापुढे धरला. "सांग, जवळ जायचं का?"

"हिरवा आहे का?"

"मला विचारू नकोस, कुत्र्याला विचार."

चष्म्याने खूप वेळ पाहिलं. "जायचं," म्हणाला. फोन थरथरला.

मग तिने स्वतः खेळून पाहिला. तिची स्वतःची चित्रं, प्रत्येक रेष तिच्या मनगटातून उतरलेली, आणि तिलाच सांगता येईना. येणार कसं? हिरव्या पट्टीखाली जो कुत्रा होता, तोच पिवळ्या पट्टीखाली होता. तेच कान, तीच शेपटी, तीच हसरी जीभ. आणि लाल आली की एकदम दात. शंभर मुलांना तिने शिकवलं होतं ते एवढंच, की हसणारा कुत्रा कधीही, न सांगता, चावतो. बटणचंच म्हणणं तिने रंगवून, संगीत लावून, तारे चिकटवून बटणला परत दिलं होतं.

मालकापुढे ती सरळ जाऊन उभी राहिली. डॉक्टरीणबाई शिबिराहून आलेल्या होत्याच. त्यांनी चिकटपट्टी लावलेला फोन हातात घेतला, दोनदा हरल्या, आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. "मुलं शिकली आहेत हो," त्या म्हणाल्या, "सिग्नल ओलांडायला. कुत्रा ओलांडायला नाही."

"पण पट्टी काढली तर मुलं हरतील," मालक म्हणाला. "हरली की गेम बंद करतील. आणि बंद केलेला गेम काय शिकवणार?"

मुद्दा त्याचाही बरोबर होता. हीच तर पंचाईत. जगात मूर्ख माणसं असती तर भांडणं सोपी झाली असती.

"एकदम नका काढू," आत्या म्हणाली. "पहिल्या फेरीत ठेवा. मग हळूहळू पुसट करत न्या. मुलाला कळायच्या आत ती गेलेली असली पाहिजे. सायकल शिकवताना मागून धरलेला हात आपण कधी सोडतो ते सांगतो का?"

"आणि पिवळ्याची चित्रं?"

"सगळी नव्याने काढते."

"ताई, त्याला किती..."

"मी विचारलं नाही. सांगितलं," आत्या म्हणाली, आणि आपण असं बोलू शकतो याचं तिचं तिलाच इतकं आश्चर्य वाटलं की ती पुढचं काही न ऐकता बाहेर आली. डॉक्टरीणबाईंनी मागून हात जोडून दाखवले, ते मालकाला की तिला, कळलं नाही.

आता काढायचं म्हणजे बघायला हवं. आणि बघायचं तर मॅनेजर होताच. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून लाँड्रीचं दार अगदी समोर दिसायचं. संध्याकाळी आत्या खिडकीशी खुर्ची ओढून वही घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी बटण येऊन मागे उभी राहिली. तिसऱ्या दिवशी तिने आपलं स्टूल आणलं.

"काय बघतेस?"

"तो कसा बोलतो ते. माझी चित्रं चुकली होती, तुझ्यामुळे कळलं. आता मला परत शिकायचंय."

"मोठ्यांना पण परत शिकायला लागतं?"

"मोठ्यांनाच जास्त लागतं. चुकीचं पाठ झालेलं असतं ना."

खिडकी म्हणजे खिडकी. तिथून कुत्रा चावू शकत नाही, पट्टीही लागत नाही. बटण हळूहळू रंगात आली. आत्याचं लक्ष कानांवर आणि शेपटीवर. बटणचं मात्र भलतीकडेच. "तो बघ, त्या जाड काकांनी डोक्यावर थोपटलं ना, तर त्याने खाली बघून जीभ फिरवली. खाल्लं तर काहीच नाही." "आत्या, झोपेतून उठला नाही तरी जांभई." "लाँड्रीवाले काका आले की सगळं अंग हलतं, पोटापासून. इतरांना नुसतं शेपूट."

"नुसतं शेपूट म्हणजे?"

"म्हणजे तू नको असलेल्या पाहुण्यांना 'बसा ना' म्हणतेस ना, तसं."

आत्या हसून हसून वाकली, आणि मग मुकाट्याने तसं शेपूट काढलं. पोरीची नजर तिच्याहून धारदार होती, आणि का असणार नाही? जिच्या अंगावर बेतलंय तीच नीट बघते.

मग तो शनिवार आला. लाँड्रीत एक बाई कपडे घ्यायला आली होती, बरोबर टोपी घातलेलं एक छोटं पोर. आत हिशोब चाललेला. मॅनेजर पायरीवर पुढच्या दोन पायांत काहीतरी धरून चघळत होता. पोर बाईचा हात सोडून त्याच्याकडे निघालं.

मॅनेजरचं चघळणं थांबलं.

बाकी काही नाही. गुरगुरणं नाही, दात नाहीत. नुसता जबडा थांबला, डोकं दोन बोटं खाली गेलं, आणि डोळ्याच्या कडेला पांढरी रेघ आली. गल्लीत कोणाला काही दिसलं नाही. बटण स्टुलावर ताडकन उभी राहिली आणि खिडकीच्या गजांतून ओरडली, "काका! त्याला धरा! मॅनेजरला नकोय! तो सांगतोय!"

लाँड्रीवाला इस्त्री तशीच ठेवून बाहेर धावला आणि पोराला उचलून घेतलं. "अरे बापरे, खातोय होय तो," असं म्हणत त्याने पोराला आईच्या कडेवर दिलं. मॅनेजरने डोकं वर केलं, अंग झाडलं, आणि पुन्हा चघळायला लागला. जसं काही घडलंच नाही. आणि खरंच, काही घडलं नव्हतंच.

"शाब्बास गं!" आत्या वळली. बटणचा चेहरा पाहून तिचं शाब्बास अर्ध्यातच राहिलं.

"आत्या," ती म्हणाली, "मलापण सांगितलं होतं त्याने."

बटणने खाली मॅनेजरकडे बोट दाखवलं.

"त्या दिवशी मी मिठी मारली तेव्हा तो असाच थांबला होता. चघळायचा थांबला होता. मला गालाला कळलं होतं. मला वाटलं, मी आले म्हणून थांबला." आणि मग इतके दिवस न आलेलं रडू एकदम आलं. दवाखान्यात नाही, इंजेक्शनला नाही, आत्ता. "म्हणजे माझीच चूक होती."

आत्याच्या जिभेवर पटकन आलं होतं, 'नाही गं राणी, तुझी काही चूक नाही.' मोठ्यांच्या तोंडात ही वाक्यं तयारच असतात. पण ज्या पोरीने एक आठवडा असं नजर रोखून खरं बघितलं, तिला खोटं कसं द्यायचं? आत्याने तिला जवळ घेतलं आणि जरा वेळ तिचं नाक स्वतःच्या पदराला पुसू दिलं.

"त्याने सांगितलं होतं," ती शेवटी म्हणाली. "पण तुला त्याची भाषा येत नव्हती. येत नसलेल्या भाषेत कोणी बोललं आणि आपल्याला कळलं नाही, तर ती चूक नसते."

"मग कोणाची?"

"मी तिथेच उभी होते ना? तुझी आईही. तू रोज त्याच्या गळ्यात पडायचीस, आणि तो रोज मान फिरवायचा. रोज. आम्ही काय म्हणायचो?"

बटणने आठवून पाहिलं. "काय प्रेम आहे बघा."

"हं. चाळिशी उलटली माझी, कुत्रे काढून पोट भरते, आणि मला वाटायचं तो लाजतोय."

बटणच्या रडण्यातून एक हसू फुटलं, नाकातून, फुग्यासारखं. मग तिने पुन्हा खाली पाहिलं. मॅनेजर पसरला होता. ती म्हणाली, "म्हणजे तो माझ्याशी कट्टी नव्हता."

"नव्हता. तो रोज सांगत होता आणि रोज थांबत होता. एक दिवस त्याला थांबणं जमलं नाही."

नवा गेम तयार व्हायला दिवस लागले. पिवळ्या कुत्र्यांची चित्रं आत्याने खिडकीत बसून काढली आणि त्यातली कितीतरी बटणने नापास केली. "हा जांभई देत नाहीये, हा गातोय," म्हणायची. तोंड मोठं काढायचं आणि कुत्रा लहान, असं चष्म्याने सुचवलं. गल्ली कमी आणि चेहरा जास्त. पट्टी पाचव्या फेरीपर्यंत धुकं होऊन गेलेली असायची. मालकाने भीत भीत मुलांच्या हाती दिला. मुलं हरली, चिडली, आणि मालकाला चक्रावून टाकत पुन्हा खेळली. सगळी नाही. काहींनी फोन टाकून दिला, हेही खरं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोस्टरकडे बघत होती त्यापेक्षा जास्तच आहेत," आणि त्यांच्या तोंडून हे म्हणजे कौतुकच समजायचं.

पण आत्याला ज्याची वाट होती ते होत नव्हतं. बटण खिडकीतून सगळ्या गल्लीच्या कुत्र्यांचं भाषांतर करायची, आणि सकाळी स्कूटरवर बसून तोंड बापाच्या पाठीत. आत्याने विचारणं सोडून दिलं होतं. विचारलं की नाही म्हणायला लागतं, आणि एकदा नाही म्हटलं की ते पुन्हा पुन्हा म्हणायची सवय लागते.

एका सकाळी दादा खाली स्कूटर चालू करून उभा होता. आत्या ऑफिसला निघाली होती. बटण पाठीवर दप्तर लावून जिन्याच्या दारात आली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही जा. मी आत्याबरोबर चालत जाते."

दादाच्या स्कूटरचं इंजिन बंद पडलं; त्याने बंद केलं की आपोआप पडलं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. "अगं, उशीर होईल," एवढंच तो म्हणाला. वरून खिडकीतून वहिनी ओरडली, "होऊ दे की उशीर!"

दोघी निघाल्या. बटणने हात धरला नाही. आत्याने स्वतःचा हात पर्सच्या पट्ट्याला गुंडाळून ठेवला, म्हणजे तो मध्ये जायला नको. रस्ता ओलांडला. लाँड्रीवाला गठ्ठे सोडत होता. त्याने बटणला पाहिलं आणि काही बोलायला गेला, मग हुशार माणूस, पुन्हा गठ्ठे सोडायला लागला.

मॅनेजर पदपथाच्या मधोमध बसला होता. जाऊ म्हटलं तर त्याच्या शेजारून जाता आलं असतं, हातभर जागा होती. बटण थांबली. आत्याही थांबली. कुत्र्याने त्यांच्याकडे पाहिलं, ओठावरून जीभ फिरवली, आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

आत्याच्या मनात आलं, संपलं. आता ही मागे फिरणार. तिने खाली पाहिलं. बटणचा रंग उडाला होता, दप्तराचे पट्टे दोन्ही मुठींत घट्ट धरले होते. पण ती डोक्यावरच्या हवेत बघत नव्हती. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"त्याला आत्ता कोणी नकोय," ती हळू म्हणाली. "आपण पलीकडून जाऊ."

"तिकडून लांब पडेल."

"पडू दे ना. त्याची सकाळ आहे."

त्या रस्ता परत ओलांडून औषधाच्या दुकानाच्या बाजूने निघाल्या. शाळा भरली असणार, आत्याचं ऑफिसही सुरू झालं असणार. दुकानासमोर बटण वळून उभी राहिली आणि रस्त्यापलीकडे मोठ्याने म्हणाली, "कळलं बरं का!"

लाँड्रीवाल्याने इस्त्री हातात धरून मान बाहेर काढली. "काय कळलं गं?"

"तुम्हाला नाही काका," बटण म्हणाली. "त्याला सांगतेय."

आणि दप्तर सावरत पुढे चालू लागली, आत्याच्या एक पाऊल पुढे.